अबू नाईफ ‘प्या’ म्हणाले, त्याची हकीकत

आदरणीय सुहैलभाऊ यांस अम्मानहून चुलतबहीण वस्फियाचा सलाम.

देव तुम्हाला दीर्घायुष्य देवो, तुमच्या गुडघ्यांत तेल घालो आणि वहिनींच्या हातची चव कायम ठेवो (मागच्या खेपेला पाठवलेली तेलातली वांगी खारट होती, पण आठवणीनं पाठवलीत, हल्ली एवढंही कोण करतं). इर्बिदला थंडी पडली असेल. ऑलिव्ह उतरवून झाले का? तेल किती डबे निघालं? पोरं-नातवंडं बरी आहेत ना? चला, विचारून झालं. उत्तरं भेटीत सांगा, आत्ता माझं ऐका, कारण चार दिवस झाले माझा जीव टांगणीला लागलाय. घास गिळवत नाही. काल मीठ समजून मोलोखियाच्या पालेभाजीत साखर घातली, आणि घरात साखरेचा रोगी आहे. फोन का केला नाही म्हणाल, तर फोन दुकानात आहे, दुकानात आमचे हे, अबू नाईफ, आहेत, आणि डोळे गेल्यापासून त्यांचे कान सशाचे झालेत.

हो, डोळे गेले. वाचून ओरडू नका, वहिनी धावत येतील. दोन वर्षं झाली. साखरेनं आधी डावा खाल्ला, मग सावकाश बसून उजवा. आता उजेड-अंधार तेवढा कळतो, आणि समोर काहीतरी उभं आहे एवढं कळतं. ते गिऱ्हाईक आहे की कपाट, हे मला खोकून सांगावं लागतं. (एकदा खोकले तर गिऱ्हाईक, दोनदा खोकले तर नुसता बघ्या. थंडीत मला खरा खोकला झाला तेव्हा त्यांनी दिवसभर कपाटाला सलाम केले.) हे जगात कोणाला माहीत नाही. मुलाला, नाईफलासुद्धा कळवलेलं नाही. कळवलं तर तो दम्मामहून विमानाची तिकिटं पाठवेल आणि आम्ही दोघं तिथे चौथ्या मजल्यावर वाळूकडे तोंड करून बसू. आणि बाजारात कळलं तर मग संपलंच. आंधळ्या न्हाव्यापुढे एखादा माणूस दाढीला बसेल, पण आंधळ्याकडून जुनं नाणं कोणी घ्यायचा नाही. दुकान बंद झालं की अबू नाईफ घरात बसणार, आणि घरात बसले की सहा महिन्यांत जाणार. मी उगीच बोलत नाही. त्यांचे थोरले भाऊ असेच गेले, टोपल्यांचं दुकान विकल्यावर. म्हणून मी हे सगळं लपवतेय. दुसरं कारण नाही.

आता तुम्ही मास्तर माणूस, विचाराल की मग दुकान चालतं कसं. अंगठ्यानं चालतं. अबू नाईफ नाणं तळहातावर घेतात, जोखतात, उजव्या अंगठ्यानं कडा चाचपतात, मग लाकडावर टाकून आवाज ऐकतात. चाळीस वर्षं तेच केलंय, त्यामुळे दहातली आठ ओळखतात. उरलेल्या दोनसाठी मला विचारतात, “खाली फूल आहे का? किती पाकळ्यांचं?” मी पाकळ्या मोजते, ते सुलतानाचं नाव सांगतात, मी लिहिते. गिऱ्हाईक समोर असलं की डोळ्याला भिंग लावतात आणि “हंऽऽ” करतात. भिंग लावल्यावर कोणाला शंका येत नाही. एकदा भिंग उलट्या बाजूनं धरलं होतं, तरी गिऱ्हाईक म्हणालं, “उस्ताद, काय नजर आहे!”

गोची होते ती लिहिण्यात. बोलण्यासारखं लिहायचं असेल तर मला अडचण नाही, हे पत्र बघा, सुसाट चाललंय. अडचण सुलतानांची आहे. मी तिसरी शिकलेली (तीही पुरती नाही), आणि या मेल्यांची नावं हातभर लांब, बापाचं वेगळं, आजोबाचं वेगळं, वर पहिला-दुसरा-पाचवा. तुम्हाला या धंद्याची रीत माहीत नसेल. नाणं एका लहान पुठ्ठ्यात बसवतात, मध्ये पारदर्शक खिडकी, आणि कडेला देश, राजा, साल, धातू, नाणं किती झिजलंय, असं सगळं हातानं लिहितात. हा पुठ्ठा पुढे कोणी फेकत नाही. नाणं विकलं की पुठ्ठा बरोबर जातो. बैरूत, कुवेत, जर्मनी, कुठेही. नाणं कोणाकोणाच्या हातून आलं त्याचा तो पुरावा असतो, आणि अबू नाईफच्या हातचा पुठ्ठा म्हणजे एके काळी लोक आधी पुठ्ठा बघायचे, मग नाणं. आणि त्याच नावाच्या दुकानातून दोन वर्षं माझे पुठ्ठे जाताहेत. अब्दुल हमीदला मी दोनदा त्याच्याच मुलाचा नातू केला. इंग्लंडची राणी ‘वारला’. इराकच्या त्या पोरसवदा राजाच्या नाण्यावर लिहायचं होतं ‘राजा लहान होता तेव्हाचं’, मी लिहिलं ‘राजा लहान झाला तेव्हाचं’. एका रियालवर शब्दांची जागा चुकली आणि ‘मालक झिजलेला, नाणं सज्जन’ असं होऊन ते कुवेतला गेलं. मालकाचं पत्र आलं. तो खरंच झिजलेला होता म्हणे, पण तुम्हाला कसं कळलं असं विचारत होता.

आणि चुका काय मी एकटीच करते? आपल्या देशाची पहिली नाणी आली एकोणपन्नास साली, तेव्हा एका फिल्सच्या नाण्यावर इंग्रजीत नुसतं ‘फिल’ छापून आलं. कोणा शहाण्याला वाटलं, ‘फिल्स’ म्हणजे पुष्कळ, मग एकाचं ‘फिल’ असणार. पुढे सुधारलं. पण ते चुकलेलं नाणं आज लोक मागून मागून नेतात! सरकार चुकलं की काचेखाली ठेवायचं आणि वस्फिया चुकली की लाल शाई.

लाल शाईवाला म्हणजे जौदत औषधवाला. त्याचं दुकान वरच्या रस्त्याला आहे आणि दर शुक्रवारी जुन्या नाण्यांचे शौकीन त्याच्याकडे जमतात, तो त्यांचा म्होरक्या. उंच, वाळका, रोज इस्त्रीचा सदरा, आणि खिशात लाल पेन. आमच्याकडून नाणं नेतो आणि दोन दिवसांनी पुठ्ठा परत आणून गल्ल्यावर ठेवतो, चुका गोल करून, बाजूला बरोबर शब्द लिहून. तोंडानं एक अक्षर नाही. तो जिन्यावरून उतरताना दिसला की मी लिहिलेले पुठ्ठे गल्ल्यात सरकवते. मागच्या महिन्यात मात्र बोलला. “अबू नाईफ, तुमचं अक्षर बदललं हो,” म्हणाला. अबू नाईफ म्हणाले, “वय झालं बाबा, हात कापतो.” जौदत माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला खोकून दाखवलं. दुसरं काय करणार?

तर आता शनिवार. दुपारची वेळ, दुकानात मी पाकळ्या मोजतेय, आणि जिन्यावरून पाच माणसं उतरली. पुढे हाजी मुमताज, बाजारातले सगळ्यांत जुने नाणेवाले, अंगावर ईदचा झगा. मागे जौदत, आणि तिघं शुक्रवारचे शौकीन. ठेवणीतले कपडे, चेहरे मातीला आल्यासारखे. भाऊ, पाच माणसं धुवून-पुसून एकत्र येतात ती काही दहा फिल्सचं नाणं घ्यायला येत नाहीत. मी ओळखलं, हे पुठ्ठ्यांचं आलं. कोपऱ्यावरून बिनसाखरेची कॉफी मागवली, पाचांपुढे ठेवली. हाजींनी कप उचलला, ओठाला लावला नाही, तसाच खाली ठेवला. बाकी चौघांनीही हात मागे घेतले. आता तुम्हाला काय सांगायचं, आपल्या नजमाला मागायला आले होते तेव्हा तुमच्या वडिलांनी अर्धा तास कप गार होऊ दिले होते. पाहुण्यानं कप न पिता ठेवला म्हणजे तो मागणं घेऊन आलाय, मागणं ऐकायचं, विचार करायचा, आणि द्यायचं असेल तरच म्हणायचं, “प्या.” एकदा ‘प्या’ म्हटलं की दिलं. मग मागे फिरणं नाही, मान कापली तरी नाही.

पण हे कळायला कप दिसावा लागतो ना! अबू नाईफना काय, कप टेकल्याचा आवाज आला. कोणी बोलत नाही, कोणी भुरकत नाही. त्यांना वाटलं, पाहुणे संकोचलेत. मी खोकले. एकदा, दोनदा, मग मोजायचं सोडून दिलं, क्षयाच्या रोग्यासारखी खोकले. आणि आमचे हे, तोंडभर हसून, दोन्ही हात पसरून म्हणाले, “अरे प्या ना! प्या, प्या! तुमचंच दुकान आहे!”

पाचही जण एकमेकांकडे बघतायत. हाजी मुमताज अबू नाईफकडे किती वेळ बघत राहिले देव जाणे. मग त्यांनी कप उचलला आणि एका घोटात रिकामा केला. बाकीच्यांनीही केला. जौदतची कॉफी इस्त्रीच्या सदऱ्यावर सांडली, त्यानं पुसलीसुद्धा नाही.

मग हाजींनी घसा साफ केला आणि थांबत थांबत, शब्द शोधल्यासारखं मागणं सांगितलं. बाराव्या दिवशी, गुरुवारी, शौकिनांचं मोठं प्रदर्शन आहे. लोक घरची नाणी घेऊन येतील, आजीच्या डोक्यावरच्या पट्टीला शिवलेली, आजोबांच्या पेटीतली. आणि दाराशी टेबलावर अबू नाईफनी बसायचं, प्रत्येकाचं नाणं ओळखायचं आणि पुठ्ठा सगळ्यांसमोर स्वतःच्या हातानं लिहून द्यायचा. “तुमच्याइतका मान दुसऱ्या कोणाला आहे?” म्हणाले. अबू नाईफ फुलले. मी गल्ल्याला धरून उभी होते. सगळ्यांसमोर! शंभर माणसं, दिव्यांचा लखलखाट, आणि मी खोकायला कुठे बसू?

सापळा आहे, भाऊ. त्या जौदतनं रचलेला सरळ सरळ सापळा. त्याला संशय आलाच होता, आता चारचौघांत भांडं फोडणार. आणि ‘नाही’ म्हणायची सोय नाही, कॉफी पिऊन झालेली.

मग मी डोकं चालवलं (तुम्ही म्हणाल, चालवलं नसतंस तर बरं). रविवारी सकाळी अबू नाईफच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत फडकं गुंडाळलं आणि सांगितलं, तुम्ही न्हाणीत पडलात. “मी कधी पडलो?” “आत्ता पडलात, गप्प बसा.” हात मोडला म्हणजे लिहिणं टळलं, लिहिणं टळलं म्हणजे टेबल टळलं, असा माझा हिशोब. बातमी दुपारपर्यंत आख्ख्या बाजाराला. सोमवारी हाजी मुमताज स्वतः आले आणि बरोबर वहदात वस्तीतला हाडवैद्य घेऊन आले. ऐंशीचा म्हातारा, बोटं पक्कडीसारखी. मी म्हटलं, आता संपलं, फडकं सोडल्यावर हात धडधाकट निघणार. पण हाडवैद्याचंही पोट आहे, आणि एवढ्या लांबून आणलेला हाडवैद्य ‘काही झालेलं नाही’ म्हणून कसा जाईल? त्यानं दाबलं, पिळलं, अबू नाईफनी तुमच्या-माझ्या सात पिढ्यांना आठवलं, आणि म्हातारा म्हणाला, “जुनी चीर आहे. बरं झालं दाखवलंत.” मग अंड्याचा बलक, पीठ आणि फळ्या लावून हात बांधला, अंगठ्यासकट! चाळीस दिवस सोडायचं नाही म्हणाला. भाऊ, तो अंगठा म्हणजे त्यांचे डोळे. जे थोडंफार दिसत होतं त्यावरही मी पट्टी बांधवून घेतली.

आणि हे कमी होतं म्हणून त्याच संध्याकाळी जौदत आला. बांधलेल्या हाताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाला, “काळजी नको. अबू नाईफ तोंडानं सांगतील. पुठ्ठे उम्म नाईफ लिहितील.” आणि गेला.

म्हणजे आता टेबलावर मी. शंभर माणसांपुढे, तिसरी नापास, हातात पेन. पहिल्याच पुठ्ठ्यावर सगळ्यांना कळणार की दोन वर्षं कोण लिहितंय, आणि मग पुढचा प्रश्न कोणीही विचारील, की अबू नाईफ स्वतः का लिहीत नव्हते. आज सकाळी स्वतःचं नाव लिहून बघितलं, त्यातही एक अक्षर राहिलं.

असो. काळजीचं काही नाही, मी फक्त ख्यालीखुशाली कळवायला लिहिलं. मला तुमच्याकडून काही नको. अल्लाहनं दिलेलं सगळं आहे. गुडघ्यांना जपा. वहिनींना सलाम, मीठ कमी घाला म्हणावं.

तुमची बहीण,
वस्फिया (उम्म नाईफ)

ता. क. : एक किरकोळ गोष्ट राहिली. तुम्हाला सवड असली तर याच गुरुवारी अम्मानला या आणि प्रदर्शनापर्यंत राहा. टेबलावर माझ्या जागी तुम्हीच बसा. पाहुणा भाऊ आलाय, अक्षर मोत्यासारखं, हौसेनं लिहितोय, असं सांगू. मी मागे उभी राहून पाकळ्या मोजेन. माझ्या हाताला काय झालं असं कोणी विचारलं तर काय सांगायचं ते ठरवलेलं नाही, पण मोडला म्हणून सांगणार नाही. तो हाडवैद्य अजून बाजारातच फिरतोय.

ता. क. दुसरा (बुधवार सकाळ, पत्र अजून बसवाल्याकडे दिलेलं नाही) : वरचा ता. क. खोडा. तसं यायचं नाही. आज अबू नाईफ हमामला गेले होते आणि जौदत आला. मी एकटी. मला वाटलं, आपली घटका भरली. तो स्टुलावर बसला, खिशातून लाल पेन काढून गल्ल्यावर ठेवलं आणि विचारलं, “कधीपासून दिसत नाही त्यांना?”

मी खोकले. तो म्हणाला, “खोकू नका, उम्म नाईफ. शनिवारी आम्ही प्रदर्शनाचं सांगायला आलो नव्हतो. पुठ्ठे बंद करा, दुकान आवरा, बाजाराचं हसं होतंय, एवढं मागायला आलो होतो. कप ठेवले. आणि ते म्हणाले, ‘प्या.’ चाळीस वर्षं या बाजारात काढलेला माणूस समोर पाच कप तसेच असताना ‘प्या’ म्हणत नाही. आम्हाला तिथेच कळलं.” मग म्हणाला, हाजींच्या जिभेवर ‘दुकान बंद करा’ होतं, ते त्यांनी गिळलं आणि प्रदर्शन बाहेर काढलं. तिथल्या तिथे रचलं. असं काही प्रदर्शन नव्हतंच! आता बोलून बसलेत, म्हणून जौदत चार दिवस सभागृह शोधत फिरतोय, पैसे गोळा करतोय, आणि शहरातल्या म्हाताऱ्यांना आपापली नाणी घेऊन या म्हणून हातापाया पडतोय. चप्पल झिजली म्हणाला. मी म्हटलं, “मग मला का बसवता टेबलावर? फजिती करायला?” तर तो माणूस चक्क चिडला. “दोन वर्षं पुठ्ठे दुरुस्त करून कोणासाठी देत होतो? अबू नाईफचं अक्षर मी ओळखत नाही? लिहिणारं कोणी नवं आहे, शिकेल, असं वाटलं. कुठे आहेत ते पुठ्ठे?”

भाऊ, ते मी शेगडी पेटवायला वापरले. सगळे. ते त्याला सांगितलं नाही. माळ्यावर आहेत म्हटलं.

भीती मात्र गेली नाही, उलट वाढली. आधी त्यांना काही माहीत नव्हतं, फसवता येत होतं. आता पाच जणांना माहीत आहे आणि पाचही जण आमच्यासाठी धावताहेत. त्यांच्यापुढे चुकायचं म्हणजे आता फार वाईट. आणि अबू नाईफना यातलं काही कळता कामा नये. ते रोज हातावरच्या फळ्या वाजवून मला म्हणतात, “काय फसवलं ना सगळ्यांना!” म्हणू दे.

ता. क. तिसरा : तेव्हा तुम्ही लिहायला येऊ नका. शिकवायला या. गुरुवार ते बुधवार सात दिवस होतात, रोज एक इयत्ता, चौथीपासून दहावीपर्यंत. सुलतान तेवढे घेतले तरी चालतील, कविता नकोत. गुडघ्यांचं कारण सांगू नका. आपल्या घरातून एकच दप्तर शाळेत जाईल असं आजोबांनी ठरवलं तेव्हा माझं नाव तिसरीतून काढलं आणि दप्तर तुमच्या पाठीवर चढलं. चाळीस वर्षांत मी तो विषय कधी काढला नाही, आणि आताही काढत नाही. इर्बिदहून पहिली बस सहाला सुटते.